डग्लस यांचा पुतळा आणि सस्कॅचवानचा जमाखर्च

२००४ साली कॅनडाच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने ‘सर्वश्रेष्ठ कॅनेडियन कोण?’ असा प्रश्न आपल्या प्रेक्षकांना केला आणि प्रेक्षकांनी कौल दिला तो टॉमी डग्लस यांना. इन्सुलिनचे संशोधक फ्रेडरिक बँटिंग मागे पडले, पंधरा वर्षे पंतप्रधानपदी राहिलेले पिएर त्रुदो मागे पडले आणि सस्कॅचवान नावाच्या, गहू पिकविणाऱ्या एका प्रांताचा माजी मुख्यमंत्री पहिला आला. समाजवाद्यांनी आनंद मानावा अशीच ही घटना. परंतु लोकांनी मान दिला ते डग्लस नेमके कोणते, हे पाहू गेल्यास तो आनंद बराच ओसरतो. सर्व पक्षांना चालणारा, कोणालाही न बोचणारा, ‘सार्वजनिक वैद्यकीय सेवेचा जनक’ म्हणून ओळखला जाणारा एक प्रेमळ आजोबा तेथे उभा केलेला दिसतो. त्याच्या चरित्रातून त्याचा पक्ष गाळलेला आहे, त्याचे अर्थकारण गाळलेले आहे आणि ज्यांच्याशी तो आयुष्यभर भांडला त्यांची नावे तर कटाक्षाने गाळलेली आहेत.

वेबर्न या त्यांच्या कर्मभूमीत २०१० मध्ये डग्लस यांचा पुतळा उभा राहिला. २०१७ मध्ये त्याच प्रांताच्या उजव्या सरकारने एक प्रांतिक बस कंपनी तोट्यात चालते म्हणून बंद केली. ही कंपनी डग्लस सरकारने १९४६ साली स्थापन केली होती आणि खेड्यापाड्यांतील वृद्ध रुग्ण तिच्याच गाड्यांनी शहरातील इस्पितळात जात असत. पुतळ्याला मात्र कोणी धक्का लावला नाही. ज्याचे काम मोडावयाचे त्याला आधी देव्हाऱ्यात बसवावे, ही रीत आपल्या देशात पुरेशी परिचित असल्यामुळे तिचे अधिक विवेचन करण्याची गरज नाही.

डग्लस यांचा जन्म १९०४ सालचा, स्कॉटलंडमधील फॉलकर्कजवळचा. वडील लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यातील कामगार. कुटुंब कॅनडात विनिपेगला आले तेव्हा या मुलाच्या पायाचे हाड सडू लागले होते आणि पाय कापण्यावाचून इलाज नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तेवढ्यात एका नामांकित शल्यविशारदाने, विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्यावी एवढ्या अटीवर, पैसे न घेता तो पाय वाचविला. भक्तमंडळी ही कथा फार आवडीने सांगतात, कारण तिच्यात एक दयाळू डॉक्टर आहे. डग्लस मात्र ती अगदी उलट हेतूने सांगत असत. आपला पाय वाचला तो नशिबाने. ज्या मुलाच्या खाटेजवळ असा डॉक्टर योगायोगाने थांबला नाही त्याचे काय झाले असेल, हा त्यांचा प्रश्न होता. औदार्यावर सोपविलेली व्यवस्था ही व्यवस्थाच नव्हे, हा त्यांचा त्या कथेतील मुद्दा. पुतळा उभारणाऱ्यांनी कथा ठेवली आणि मुद्दा टाकून दिला.

१९१९ साली विनिपेगमध्ये सार्वत्रिक संप झाला. २१ जूनला घोडेस्वार पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, त्या या चौदा वर्षांच्या मुलाने एका इमारतीच्या छपरावरून पाहिल्या. पुढे छापखान्यात उमेदवारी, मुष्टियुद्धात मॅनिटोबा प्रांताचे हलक्या वजनगटाचे विजेतेपद, बाप्टिस्ट पंथाचे धर्मशिक्षण, आणि १९३० मध्ये वेबर्नच्या चर्चमध्ये धर्मोपदेशकाची नेमणूक असा क्रम आहे. नेमणुकीचे ते वर्षच दुर्दैवी. मंदी आणि अवर्षण यांची एकाच वेळी धाड पडली. १९२८ ते १९३३ या काळात सस्कॅचवानचे दरडोई उत्पन्न ४७८ डॉलरवरून १३५ डॉलरवर आले. अर्थशास्त्राच्या वर्गात मंदीचे आकडे शिकविताना मी हा आकडा नेहमी फळ्यावर लिहीत असे. कोणत्याही प्रगत म्हणविणाऱ्या प्रदेशात इतकी घसरण क्वचितच झाली असेल. १९३१ मध्ये जवळच्या एस्तेव्हान येथे खाणकामगारांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार करून तिघांना ठार केले. डग्लस यांनी त्या कामगारांच्या कुटुंबांना मदत पोहोचविली आणि त्यांची बाजू व्यासपीठावरून मांडली. भूतदयेपासून राजकारणापर्यंतचा त्यांचा प्रवास हा असा झाला.

येथे एक अवघड प्रकरण येते. ते टाळून पुढे जाणे आपल्या पत्राच्या वाचकांना शोभणारे नाही. १९३३ मध्ये मॅकमास्टर विद्यापीठाला सादर केलेल्या एम. ए.च्या प्रबंधात डग्लस यांनी ‘दुर्बल’ ठरविलेल्या कुटुंबांच्या बाबतीत सक्तीच्या निर्बीजीकरणाचा पुरस्कार केला होता. सुप्रजननशास्त्र या गोंडस नावाखाली वावरणारी ही विचारसरणी त्या काळी पुष्कळ पुरोगाम्यांनाही मोहवीत होती. परंतु तेवढ्याने तिचे समर्थन होत नाही. गरिबीचे मूळ गरिबाच्या रक्तात शोधणारा हा विचार समाजवादाच्या थेट विरोधी आहे. उजवे टीकाकार आज तो प्रबंध नाचवितात आणि भक्त त्याचा उल्लेखही करीत नाहीत. दोघेही पुढची गोष्ट सांगावयाची विसरतात. १९३६ मध्ये डग्लस जर्मनीला गेले आणि नाझी राजवट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. १९४४ मध्ये सत्ता आल्यावर आरोग्यखाते त्यांनी स्वतःकडे घेतले आणि निर्बीजीकरणाची शिफारस त्यांच्यापुढे आली असता ती बाजूला सारली. शेजारच्या आल्बर्टा प्रांतात असा कायदा १९२८ साली झाला होता आणि तो १९७२ पर्यंत अमलात होता. प्रबंधातील विचार निंद्यच; मुख्यमंत्र्याच्या वर्तनाचा निवाडा मात्र त्याच्या सहीच्या कागदांवरून झाला पाहिजे.

आता मुख्य विषयाकडे वळू. कल्याणकारी योजना ही श्रीमंत देशांची चैन आहे, आधी संपत्ती निर्माण होऊ द्या मग वाटपाचे पाहू, असे सांगणाऱ्या अर्थपंडितांची आपल्याकडे वाण नाही. कॅनडाचे उदाहरण दिले की ते लगेच म्हणतात, ‘कॅनडा श्रीमंत आहे, त्याला परवडते.’ या युक्तिवादाला सस्कॅचवानचा जमाखर्च हे उत्तर आहे. १५ जून १९४४ रोजी को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन, म्हणजे सीसीएफ, या समाजवादी पक्षाने विधिमंडळाच्या ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या. उत्तर अमेरिका खंडातील हे पहिले समाजवादी सरकार. त्याच्या हाती आलेला प्रांत आठ-नऊ लाख वस्तीचा, दशकभराच्या दुष्काळाने पिचलेला, कर्जात बुडालेला आणि कॅनडातील सर्वांत गरीब प्रांतांपैकी एक होता. बहुसंख्य शेतांवर वीज नव्हती. खनिज तेल आणि पोटॅश यांचा पैसा पुढच्या काळातला. अशा प्रांताने १ जानेवारी १९४७ पासून सर्व नागरिकांसाठी इस्पितळ-विमा सुरू केला. वर्गणी माणशी वर्षाला पाच डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त तीस डॉलर. उरलेला भार प्रांताच्या तिजोरीवर. म्हणजे ज्यांना परवडते त्यांनी हे केले नाही, ज्यांना परवडत नव्हते त्यांनी केले.

ते कसे केले? येथे डग्लस यांच्या बरोबरीने क्लॅरन्स फाइन्स या अर्थमंत्र्यांचे नाव घ्यावे लागते, आणि पुतळ्यांच्या राजकारणात अर्थमंत्र्यांना जागा नसते. फाइन्स यांनी सोळा वर्षे अर्थसंकल्प मांडले. चालू खर्चासाठी कर्ज काढावयाचे नाही, जुने कर्ज फेडीत जावयाचे, हा त्यांचा दंडक होता. आपल्यापैकी काहींना हे धोरण कंजूष दुकानदाराचे वाटेल. वस्तुतः त्यामागे कडवा राजकीय हिशेब होता. ज्या सरकारचे कर्जरोखे सावकारांच्या पेढ्यांत पडलेले असतात, त्या सरकारला कोणती योजना काढावी आणि कोणती काढू नये हे त्या पेढ्याच सांगतात. व्याजाच्या या दाव्यातून मान सोडविल्याशिवाय समाजवादी सरकारला स्वतःचा अर्थसंकल्प मांडता येणार नाही, हे डग्लस आणि फाइन्स यांनी ओळखले होते. तुटीचा अर्थसंकल्प म्हणजे क्रांतिकारक अर्थसंकल्प असे मानणाऱ्या आपल्या तरुण मित्रांनी या एका मुद्द्यावर थोडा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

या सरकारचे सगळेच साधले असे नव्हे. बुटांचा कारखाना, कातडी कमाविण्याचा कारखाना, लोकरीची गिरणी हे सार्वजनिक उद्योग त्याने हौसेने काढले आणि ते बुडाले. विरोधी वृत्तपत्रांना पुढे अनेक वर्षे पुरेल एवढे खाद्य त्यातून मिळाले. वीज, दूरध्वनी, बस आणि मोटार-विमा यांतील सार्वजनिक उद्योग मात्र टिकले, आणि विजेच्या जाळ्याने पंधरा वर्षांत प्रांतातील खेड्यांचे रूप पालटले. १९४४ मध्येच कामगार संघटनांना मान्यता देणारा कायदा झाला, कर्जदार शेतकऱ्याचे घर आणि जमीन वाचविणारा कायदा झाला, आणि १९४७ मध्ये कॅनडातील पहिली नागरी हक्कांची सनद झाली. पोटॅशच्या खाणी मात्र डग्लस यांनी खाजगी कंपन्यांना खुल्या ठेवल्या. पक्षातील डावा गट त्याबद्दल त्यांच्यावर रागावला आणि तो राग अनाठायी होता असे मला वाटत नाही.

आपल्या दृष्टीने विशेष लक्षणीय असा एक धागा येथे आहे. सत्तेवर येताच डग्लस यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री सिगरिस्ट यांना आरोग्यव्यवस्थेची पाहणी करण्यासाठी बोलाविले. सिगरिस्ट यांनी काही आठवड्यांतच, ऑक्टोबर १९४४ मध्ये, आपला अहवाल सादर केला. त्याच वर्षाच्या अखेरीस हेच सिगरिस्ट हिंदुस्थानात आले; सर जोसेफ भोर यांच्या आरोग्य समितीला सल्ला देण्यासाठी जे परदेशी तज्ज्ञ बोलाविले होते त्यांत ते होते. भोर समितीचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. पैसे नाहीत म्हणून कोणीही नागरिक उपचारांवाचून राहता कामा नये, हे तत्त्व त्यात स्पष्ट शब्दांत नोंदविलेले आहे. एकाच तज्ज्ञाचा हात लागलेले हे दोन अहवाल. दोन्हीकडे दारिद्र्य होते, दोन्हीकडे डॉक्टर कमी होते. दोन्ही देशांत सार्वजनिक आरोग्य आणि इस्पितळे हा विषय प्रांतांच्या, आपल्याकडे पुढे राज्यांच्या, अखत्यारीत आला. एका अहवालाची अंमलबजावणी दोन वर्षांत सुरू झाली आणि दुसरा समित्यांच्या इतिहासात प्रतिष्ठेने विसावला. लोकसंख्येचा प्रचंड फरक, फाळणी, परकी सत्तेची लूट ही सारी कारणे खरी आहेत; पण ती सारी मोजून झाल्यावरही काही शिल्लक उरते.

ते जे उरते त्याचे नाव संघटना. सस्कॅचवानचा शेतकरी डग्लस यांची वाट पाहत बसला नव्हता. तेथील काही ग्रामसंस्थांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच कर बसवून गावासाठी पगारी डॉक्टर नेमले होते आणि १९१६ मध्ये कायद्याने त्याला मान्यता मिळाली होती. गव्हाच्या विक्रीचा सहकारी संघ १९२४ मध्ये उभा राहिला होता. धान्यकोठार, दूरध्वनी, शाळा यांसाठी शेतकऱ्यांच्याच समित्या होत्या. त्या समित्यांत हिशेब ठेवण्याची सवय लागलेली माणसेच सीसीएफचे कार्यकर्ते झाली. सेमूर लिपसेट या समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अॅग्रेरियन सोशॅलिझम’ या ग्रंथात याचे बारकाईने विवेचन केले आहे. १९४६ मध्ये स्विफ्ट करंट भागातील लोकांनी स्वतः मतदान करून, स्वतःवर कर बसवून, डॉक्टर आणि इस्पितळ या दोहोंची सार्वत्रिक योजना आपल्या जिल्ह्यापुरती सुरू केली. पुढे सबंध प्रांतात, नंतर सबंध देशात जे झाले त्याची ही प्रयोगशाळा. आपल्यालाही एखादा डग्लस लाभला असता तर, असे उसासे टाकणाऱ्या साथींना मी विचारू इच्छितो: आपल्या तालुक्यात गेल्या दहा वर्षांत आपण कोणती संस्था चालविली, जिचा जमाखर्च सभासद वाचतात?

इस्पितळ-विम्यानंतर डॉक्टरांच्या सेवेचा विमा आणण्यास डग्लस यांनी बारा वर्षे घेतली. पैसे नव्हते म्हणून घेतली. १९५७ च्या केंद्रीय कायद्यानुसार ओटावाच्या सरकारने इस्पितळांच्या खर्चाचा सुमारे अर्धा वाटा उचलण्यास सुरुवात केली, तिजोरीत जागा झाली, आणि १९५९ मध्ये डग्लस यांनी योजना जाहीर केली. जून १९६० ची निवडणूक याच प्रश्नावर झाली. डॉक्टरांच्या संघटनेने सभासदांकडून वर्गणी गोळा करून प्रचाराची आघाडी उघडली. परदेशातून भाडोत्री डॉक्टर येतील, रुग्णाचे गुपित सरकारी कारकुनाच्या फायलीत जाईल, अशी भीती घातली. सीसीएफला सुमारे ४१ टक्के मते आणि स्पष्ट बहुमत मिळाले. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये विधेयक संमत झाले. त्याच महिन्यात डग्लस नव्याने स्थापन झालेल्या न्यू डेमोक्रॅटिक पार्टीचे देशपातळीवरील नेतृत्व करण्यासाठी मुख्यमंत्रिपद सोडून गेले.

म्हणजे १ जुलै १९६२ रोजी जेव्हा योजना अमलात आली आणि प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले, तेव्हा मुख्यमंत्रिपदी डग्लस नव्हते. होते वुडरो लॉइड, पेशाने शाळामास्तर. त्यांचे नाव कॅनडाबाहेर आज फारसे कोणाला ठाऊक नाही. संपाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टर शोधीत निघालेल्या आईबापांच्या हातात एक अर्भक दगावले. ‘आमचे डॉक्टर आम्हाला राहू द्या’ अशा घोषणा देणाऱ्या समित्या गावोगाव निघाल्या, त्यांना व्यापारी मंडळींचा आणि प्रांतातील जवळजवळ सर्व वृत्तपत्रांचा पाठिंबा होता. ११ जुलैला रेजायनाच्या विधिमंडळासमोर विराट मोर्चाची हाक दिली गेली. आयोजकांची अपेक्षा होती त्या मानाने आलेले काही हजार लोक फारच थोडे होते. लॉइड डगमगले नाहीत आणि त्यांनी सूडाचीही भाषा केली नाही. ब्रिटनमधून डॉक्टर मागविले. सस्काटून, प्रिन्स अल्बर्ट, रेजायना येथे नागरिकांनीच वर्गणी काढून सहकारी दवाखाने उघडले आणि संपात न उतरलेल्या डॉक्टरांना तेथे बसविले. तेवीस दिवसांनी, ब्रिटिश मजूर पक्षाचे लॉर्ड टेलर यांच्या मध्यस्थीने, सस्काटून येथे तडजोड झाली. संपाच्या आधी काही दिवसच झालेल्या केंद्रीय निवडणुकीत डग्लस स्वतः रेजायनात पराभूत झाले होते, आणि १९६४ मध्ये लॉइड यांचे सरकार गेले. त्याला हरविणारे लिबरल नेते रॉस थॅचर हे एके काळी सीसीएफचेच खासदार होते. पक्षांतर हा केवळ आपल्या देशाचा रोग नव्हे एवढे समाधान त्यातून मिळवावे. सत्ता गेली, योजना राहिली. थॅचर यांना ती मोडण्याचे धाडस झाले नाही.

या तडजोडीची किंमत मात्र कोणी सांगत नाही. डॉक्टरांना पगारावर नेमण्याचा विचार मागे पडला आणि प्रत्येक तपासणीमागे फी ही पद्धत कायम झाली. बिल रुग्णाऐवजी सरकार भरू लागले. पण बिल फाडण्याची रीत तीच राहिली. जितक्या भेटी तितके उत्पन्न, हे जुने सूत्र सार्वजनिक पैशाच्या आश्रयाने पक्के झाले. सहकारी दवाखाने चालू राहिले, परंतु मुख्य प्रवाह त्यांच्या बाजूने वाहिला नाही. आज कॅनडात तज्ज्ञ डॉक्टरांसाठी आणि शस्त्रक्रियांसाठी महिनोन्महिने थांबावे लागते, आणि त्याचे खापर ‘समाजवादी वैद्यका’वर फोडून खाजगी शस्त्रक्रिया-केंद्रांचे दार उघडण्यात येते. या दुखण्याला कारणे अनेक असतील. पण समाजवाद जेथे थांबविला गेला तेथील दोष समाजवादाच्या नावावर मांडणे ही चलाखी आहे.

राष्ट्रीय पातळीवर ही योजना १९६६ च्या कायद्याने आली आणि १९६८ पासून टप्प्याटप्प्याने सर्व प्रांतांत पसरली. त्याचे श्रेय लिबरल पक्ष आपल्याकडे घेतो. या पक्षाने आरोग्य-विम्याचे आश्वासन १९१९ सालच्या आपल्या अधिवेशनात दिले होते. आश्वासन आणि कायदा यांत ४७ वर्षांचे अंतर पडले, आणि कायदा झाला तो पिअर्सन यांच्या सरकारला लोकसभेत बहुमत नसताना, न्यू डेमोक्रॅटिक पार्टीचे खासदार समोर बसलेले असताना. कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान डीफनबेकर यांनी नेमलेल्या हॉल आयोगाने सस्कॅचवानचा अनुभव पाहूनच सार्वत्रिक योजनेची शिफारस केली, हेही नमूद केले पाहिजे. न्यायमूर्ती हॉल समाजवादी नव्हते. त्यांनी आकडे पाहिले.

डग्लस यांच्या दिल्लीवारीचे, म्हणजे ओटावावारीचे, राजकारण पुष्कळसे पराभवांचे आहे. ते येथे विस्ताराने सांगत नाही. एक प्रसंग मात्र वगळता येणार नाही. ऑक्टोबर १९७० मध्ये क्वेबेकमधील अतिरेक्यांनी अपहरणे केली तेव्हा त्रुदो सरकारने युद्धकालीन कायदा पुकारून नागरी हक्क स्थगित केले. शेकडो लोकांना आरोपपत्राशिवाय पकडण्यात आले. देशात सरकारचा जयजयकार चालू होता. सभागृहात मतदान झाले १९० विरुद्ध १६. त्या सोळांचे नेते डग्लस होते आणि विरोधात गेलेले सोळाही त्यांच्याच पक्षाचे. त्यांच्यातीलही चौघे सरकारबरोबर गेले. १९७५ चा जून ज्यांनी अनुभवला त्यांना या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. देशाच्या पोलिसांनी याच डग्लस यांच्यावर १९३० च्या दशकापासून पाळत ठेवली होती. ती फाइल हजाराहून अधिक पानांची आहे आणि २००४ च्या त्या कौलानंतरही सरकार तिची बरीच पाने उघड करण्यास न्यायालयात विरोध करीत राहिले. सर्वश्रेष्ठ नागरिकाचा पुतळा चौकात आणि त्याची फाइल कुलपात!

१९८६ मध्ये डग्लस वारले. अखेरच्या वर्षांत ते पुन्हा पुन्हा सांगत होते की, डॉक्टर आणि रुग्ण यांमधील पैशाची भिंत पाडणे हा कामाचा पहिला टप्पा होता. वैद्यकसेवेची रचनाच बदलणे, लोकांना आजारी पडू न देणे हा दुसरा टप्पा, आणि तो अधिक कठीण. त्याचा जयघोष कोणी करीत नाही. औषधे आणि दात हे दोन विषय मूळ राष्ट्रीय योजनेबाहेरच राहिले. सस्कॅचवानच्या पुढील समाजवादी सरकारने १९७४ मध्ये शाळांतून मुलांच्या दातांचे उपचार सुरू केले आणि १९८७ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने ते बंद केले. २०२२ मध्ये अल्पमतातील लिबरल सरकारला पाठिंबा देताना न्यू डेमोक्रॅटिक पार्टीने दंतोपचारांची अट घातली, तेव्हा कोठे केंद्रीय योजना निघाली आणि २०२४ मध्ये उपचार सुरू झाले. त्यातही उत्पन्नाची मर्यादा आहे: वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या आतील आणि खाजगी विमा नसलेल्या कुटुंबांनाच ती लागू होते. आधी दारिद्र्याचा दाखला आणा मग दात दाखवा, ही पद्धत डग्लस यांनी आयुष्यभर नाकारली होती. स्विफ्ट करंटच्या शेतकऱ्यांनी मुलांच्या दातांची तजवीज आपल्या योजनेच्या सुरुवातीच्या काळातच केली होती, कोणाचेही उत्पन्न न विचारता.